साडेआठची नोंद

भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठ वाजता संपतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जेवढा पाऊस पडला, तेवढा आजच्या तारखेवर लिहिला जातो. जगभरच्या वेधशाळा ज्या एका समान प्रमाणवेळेवर नोंदी घेतात, त्या वेळेचे पहाटेचे तीन म्हणजे भारतातले साडेआठ. २६ जुलै २००५ चा महापाऊस लोकांच्या आठवणीत २६ तारखेचा आहे. मुंबईतल्या सांताक्रूझ वेधशाळेचा ९४४ मिलिमीटरचा प्रसिद्ध आकडा मात्र २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत, या साडेआठच्या नोंदीला पैशाचे मोल आहे. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तर शासन त्याला अतिवृष्टी मानते. मग त्या मंडळात पिकांचे पंचनामे होतात आणि ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झालेला शेतकरी मदतीला पात्र ठरतो. ऑक्टोबरमध्ये गरवे भात कापणीला आलेले असताना पाऊस कोसळला, उभे पीक आडवे झाले, कापलेले भात खाचरातच भिजले, की धसई किंवा डोळखांब भागातला शेतकरी मोबाइलवर आपल्या मंडळाचा आकडा शोधू लागतो. तो आकडा त्या पानावर कोणी बसून टाइप केलेला नसतो. कोणाचेही बोट न लागता, ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या एका साखळीतून तो तिथवर आलेला असतो. संगणकाच्या जगात या कामांना नियोजित किंवा पार्श्वभूमीवर चालणारी कामे म्हणतात. संकेतस्थळाचा जो भाग डोळ्यांना दिसतो, त्याच्याबद्दल भरपूर बोलले जाते. हा न दिसणारा भाग मात्र बिघडल्याशिवाय चर्चेत येत नाही.

साखळीची सुरुवात एका लहानशा यंत्रापासून होते. तहसील कार्यालयाच्या आवारातल्या साध्या पर्जन्यमापकातले पाणी माणूस मोजपात्रात ओतून वाचतो. स्वयंचलित हवामान केंद्रात बहुधा झुकत्या पाळ्यांचा पर्जन्यमापक असतो. नरसाळ्यातून पडणारे पाणी एका छोट्या पाळ्यात साठते. ठराविक थेंब भरले, म्हणजे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पावसाइतके पाणी झाले, की तो पाळा वजनाने खाली झुकतो, रिकामा होतो आणि त्याच्या जोडीचा दुसरा पाळा नरसाळ्याखाली येतो. प्रत्येक झुकण्याबरोबर एक चुंबक एका बारीक कळीजवळून जातो आणि विजेचा एक ठोका उमटतो. शेजारच्या पेटीतले उपकरण हे ठोके मोजत राहते. राज्याच्या कृषी विभागाने स्कायमेट या कंपनीबरोबर राबवलेल्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली. त्यांच्या नोंदी दर दहा मिनिटांनी मोबाइलच्या जाळ्यावरून पुढे पाठवल्या जातात.

दर दहा मिनिटांनी एक, म्हणजे एका केंद्राच्या दिवसाला १४४ नोंदी. राज्यभरातून रोज सुमारे तीन लाख. या ढिगातून शहापूर तालुक्यातल्या किन्हवली मंडळाचा आजचा पाऊस हा एक आकडा कोणीतरी काढायचा असतो. प्रश्न असा, की तो कधी काढायचा?

वेब ॲप्लिकेशनचा मूळ स्वभाव विचारल्यावर उत्तर देण्याचा आहे. ब्राउझर मागणी करतो, सर्व्हर उत्तर देतो आणि व्यवहार तिथेच संपतो. कोणी काही विचारले नाही तर ॲप्लिकेशन स्वस्थ बसून असते. एखादे पान उघडल्यावरच तीन लाख नोंदींची बेरीज करायची ठरवली, तर पाहणाऱ्याला ताटकळत बसावे लागेल, आणि पुष्कळदा त्याच्या हाती काहीच लागणार नाही. बहुतेक सर्व्हर फार वेळ थांबत नाहीत. एनजिनएक्स हा जगभर वापरला जाणारा वेब सर्व्हर, वेगळी सूचना नसेल तर, मागच्या ॲप्लिकेशनची साठ सेकंद वाट पाहतो आणि मग मागणी सोडून देतो. अतिवृष्टीच्या सकाळी हजारो जण एकाच वेळी तेच पान उघडतात. प्रत्येकासाठी तीच बेरीज पुन्हा करण्यात अर्थ नाही. बेरीज एकदाच, वेळेवर करून ठेवायची आणि येणाऱ्याला तयार आकडा द्यायचा, हाच शहाणा मार्ग.

बेरजेसारखी कामे घड्याळावर चालतात. दुसऱ्या जातीची कामे तशी चालत नाहीत. ती माणसाच्या मागणीवरून सुरू होतात, पण मागाहून पुरी होतात. कोणी संपूर्ण हंगामाचा मंडळनिहाय अहवाल मागितला, किंवा अधिकाऱ्याने तालुक्यातल्या सगळ्या नोंदणीकृत शेतकऱ्यांना इशाऱ्याचा संदेश पाठवायला सांगितला, तर ते काम त्या क्षणी पुरे करणे शक्य नसते. सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज दिला की खिडकीवरचा माणूस पावती देतो आणि पुढच्याला बोलावतो. दाखला मागच्या टेबलावर तयार होत राहतो. वेब ॲप्लिकेशनही असेच करते. काम एका रांगेत टाकते, मागणाऱ्याला ‘अर्ज मिळाला’ असे सांगून मोकळे होते, आणि रांगेतले काम उचलणारी वेगळी प्रक्रिया ते सावकाश पूर्ण करते.

घड्याळावर काम लावण्याचे जुने आणि अजूनही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेले साधन म्हणजे क्रॉन. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ते होते. १९८७ मध्ये पॉल विक्सी यांनी ते नव्याने लिहिले आणि पुढे लिनक्सवर तेच घराघरांत पोचले. क्रॉनची भाषा पाच रकान्यांची आहे: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना आणि वार. ज्या रकान्यात तारका असेल तिथे ‘कोणताही’ असे समजायचे. ‘३० ८ * * *’ म्हणजे रोज साडेआठ वाजता. हवामान विभागाची कृषी सल्ला पत्रिका आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. तसे काम लावायचे असेल तर शेवटच्या रकान्यात २ आणि ५ हे वारांचे क्रमांक येतात. क्रॉन नावाचा हा प्रोग्रॅम दर मिनिटाला जागा होतो, यादीवरून नजर फिरवतो आणि ज्याची वेळ झाली ते काम सुरू करून पुन्हा झोपी जातो. चाळीसहून अधिक वर्षांनंतरही त्याच्या या साधेपणात फारसा बदल करावा लागलेला नाही. विंडोजवर टास्क शेड्युलर आणि आजच्या लिनक्सवर सिस्टमडीचे टायमर हेच काम करतात.

नवखा प्रोग्रॅमर बहुधा दुसरा रस्ता धरतो. वेब ॲप्लिकेशन चालूच असते, तर त्याच्याच पोटात एक घड्याळ ठेवून द्यावे, असे त्याला वाटते. स्वतःच्या संगणकावर ते सुरळीत चालतेही. खऱ्या सर्व्हरवर गेल्यावर मात्र गडबड सुरू होते. तिथे गर्दी सोसावी म्हणून एकाच ॲप्लिकेशनच्या चार किंवा आठ प्रती एका वेळी चालवलेल्या असतात. प्रत्येक प्रतीच्या पोटात घड्याळ असते, आणि साडेआठ वाजता चारही प्रती तेच काम करायला धावतात. इशाऱ्याचा एक संदेश शेतकऱ्याला चार वेळा जातो. उलटा प्रकारही घडतो. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरवर वीस मिनिटे एकही मागणी आली नाही, तर मूळ मांडणीप्रमाणे ॲप्लिकेशन बंद केले जाते. घड्याळही त्याच्याबरोबर थांबते. रात्री दोन वाजताचे काम मग सकाळी कोणी पान उघडेपर्यंत होतच नाही. वर्डप्रेसमधले नियोजित काम तर मुळातच पाहुण्यांच्या भरवशावर चालते. कोणी पान उघडले की ‘वेळ झालेले काही राहिले आहे का’ हे तपासले जाते. मुंबईच्या वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाला याने काही फरक पडत नाही. दिवसाकाठी पाच-दहा माणसे उघडणाऱ्या एखाद्या गावच्या संकेतस्थळाला पडतो.

म्हणून नियोजित काम वेब ॲप्लिकेशनच्या शेजारी चालवावे, पोटात ठेवू नये. त्याची प्रक्रिया वेगळी असावी. डेटाबेस दोघांनी एकच वापरावा, पण एक कोसळले तर दुसऱ्याने उभे राहावे. मोठ्या व्यवस्थेत याचे तीन तुकडे होतात. वेळ पाहून काम रांगेत टाकणारा एक, रांग सांभाळणारा दुसरा, आणि रांगेतून काम उचलून करणारे कामकरी हा तिसरा. पायथॉन भाषेत सेलरी, रूबीत साइडकिक, जावामध्ये क्वार्ट्झ, डॉटनेटमध्ये हँगफायर ही या कामाची प्रसिद्ध साधने आहेत. रांगेसाठी रेडिस किंवा रॅबिटएमक्यू वापरतात. कामकरी कितीही वाढवता येतात, पण वेळ पाहणारा एकच असावा लागतो. तो दोन झाले की प्रत्येक काम दुप्पट होते.

हे सगळे प्रत्येकाला लागतेच असे नाही. एखादी ग्रामपंचायत, दूध संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांच्या ॲप्लिकेशनला रोज चार-पाच कामे करायची असतील, तर एका साध्या सर्व्हरवरचा क्रॉन पुरेसा आहे. तीन तुकड्यांची व्यवस्था उभारली की ती सांभाळायला माणूसही लागतो, आणि तालुक्याच्या ठिकाणी तो सहज मिळत नाही.

खरी परीक्षा साधन निवडण्यात नाही, वेळेचा अर्थ नीट लावण्यात आहे. भाड्याने मिळणारे बहुतेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असतात आणि भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. अशा सर्व्हरवर ‘मध्यरात्री चालव’ असे सांगितलेले काम भारतात पहाटे साडेपाचला चालते. भारतातली मध्यरात्र त्या सर्व्हरच्या दृष्टीने आदल्या तारखेच्या संध्याकाळचे साडेसहा असते. साडेआठची नोंद हवी असेल तर त्याला तीन वाजताची वेळ द्यावी लागते. प्रोग्रॅमरने ‘आजची बेरीज’ सर्व्हरच्या तारखेप्रमाणे केली, तर पहाटे साडेपाच ते दुसऱ्या पहाटे साडेपाच असा एक तिसराच दिवस तयार होतो. तो हवामान विभागाचा दिवस नसतो आणि माणसांचाही नसतो.

चुकीच्या दिवसाने काय होते, हे एका उदाहरणावरून दिसेल. समजा, एका मंडळात पहाटे तीन ते दुपारी एक असा सलग पाऊस पडला. साडेआठपूर्वी ५२ मिलिमीटर, त्यानंतर ४७. एकूण ९९. तरीही साडेआठच्या सीमेमुळे पाऊस दोन तारखांत वाटला गेला, आणि आगेमागे आणखी पाऊस नसेल तर एकाही तारखेला ६५ चा आकडा गाठला गेला नाही. शेतकऱ्याला हे अन्यायाचे वाटते आणि त्याचे वाटणे समजण्यासारखे आहे. पण हा नियमाचा प्रश्न आहे, संगणकाचा नाही. संगणकाने इतकेच पाहायचे, की नियमात जी सीमा लिहिली आहे तीच अचूक पाळली जावी. सीमा नकळत तीन तासांनी सरकली, तर एका मंडळाला नाहक मदत मिळते आणि हक्काच्या मंडळाची सुटते, आणि आकडे वरवर व्यवस्थित दिसत असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

शहापूर तालुक्यात तर दिवस संपण्याच्या दोन वेळा शेजारी शेजारी नांदतात. भातसा आणि तानसा ही धरणे याच तालुक्यात आहेत. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांचा एकूण उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर धरला जातो. त्यातला ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा, एकट्या भातसाचा. मुंबई महानगरपालिका या जलाशयांची पातळी आणि पाऊस सकाळी सहाच्या नोंदीने जाहीर करते. धरण परिसरातला पाऊस आणि शेजारच्या मंडळातला पाऊस एकाच तक्त्यात मांडणाऱ्या ॲप्लिकेशनला हा अडीच तासांचा फरक माहीत असलाच पाहिजे. वेळ न लिहिता नुसती तारीख लिहून दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तर पहाटेच्या एका जोरदार सरीने ते एकमेकांशी भांडू लागतील.

यानंतरची अडचण पावसाळ्यातल्या नेटवर्कची. माळशेजच्या पायथ्याच्या गावांत किंवा डोळखांबच्या पलीकडे, सह्याद्रीच्या कुशीत, मुसळधार पावसात वीज जाते आणि मोबाइलचा मनोरा बंद पडतो. पाऊस सर्वांत जास्त असतो तेव्हाच नोंद पोचण्याची शक्यता सर्वांत कमी असते. चांगले उपकरण अशा वेळी नोंदी स्वतःजवळ साठवते आणि संपर्क आला की एकदम पाठवते. आता साडेआठचे काम साडेआठलाच चालले, तर त्या केंद्राच्या पहाटेच्या नोंदी त्याला सापडत नाहीत. त्या अकरा वाजता येतात.

यावर दोन उपाय एकत्र वापरावे लागतात. पहिला असा, की काम एकदाच चालवून थांबायचे नाही. पावणेनऊला पहिली बेरीज, दुपारी बाराला दुसरी, संध्याकाळी सहाला तिसरी, आणि गरज पडल्यास दुसऱ्या दिवशीही, असे तेच काम पुन्हा पुन्हा चालवायचे. दुसरा उपाय त्याहून महत्त्वाचा. काम असे लिहायचे, की ते दहा वेळा चालले तरी परिणाम एकदाच चालल्यासारखा राहावा. ‘आधीच्या आकड्यात नव्या नोंदी मिळव’ अशी सूचना असेल, तर दुसऱ्या फेरीत पाऊस दुप्पट होईल. ‘या मंडळाच्या या तारखेसाठी सगळ्या नोंदींची पुन्हा बेरीज कर आणि जुन्या आकड्याच्या जागी नवा ठेव’ अशी असेल, तर कितीही वेळा चालवा, आकडा खराच राहील. डेटाबेसमध्ये मंडळ आणि तारीख यांची जोडी एकदाच येऊ शकेल असे बंधन घातले, की प्रोग्रॅमरच्या विसराळूपणापासूनही संरक्षण मिळते. पार्श्वभूमीवरच्या कामांचे एकच तत्त्व शिकायचे असेल, तर ते हे.

कामाला ‘आज’ या शब्दावर विसंबू न देणे, ही याच तत्त्वाची दुसरी बाजू. काम सुरू करताना त्याला तारीख बाहेरून सांगावी: अमुक तारखेची बेरीज कर. सर्व्हर साडेआठला बंद असेल, तर साधा क्रॉन ते काम नंतर आपण होऊन करत नाही. त्याच्या दृष्टीने वेळ टळून गेलेली असते. ॲनाक्रॉन हे साधन आणि सिस्टमडीच्या टायमरमधली एक सोय राहिलेले काम मागाहून चालवतात. पण चार दिवस सर्व्हर बंद राहिला, तर चारही दिवसांची कामे तारखांप्रमाणे एकेक करून करावी लागतात. तारीख बाहेरून घेणाऱ्या कामाला हे सहज जमते. घड्याळात पाहून ‘आज’ ठरवणारे काम मागचे दिवस कायमचे हरवून बसते.

हरवलेल्या दिवसाची किंमत सततच्या पावसाच्या निकषात सर्वांत जास्त आहे. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सततचा पाऊस ही आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला. त्याच्या निकषांत, इतर अटींबरोबर, सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस ही अट आहे. ती तपासणारे काम रोज मागच्या पाच दिवसांकडे पाहते. त्यात एका दिवसाची नोंद आलीच नाही आणि प्रोग्रॅमने तिथे शून्य धरले, तर साखळी तुटते. शून्य पाऊस आणि नोंद नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटाबेसमध्ये त्या वेगळ्या ठेवाव्यात आणि पानावरही वेगळ्या दाखवाव्यात. जुलैच्या मध्यावर सगळा तालुका भिजत असताना एका मंडळासमोर ०.० दिसणे आणि ‘नोंद उपलब्ध नाही’ असे दिसणे, यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याविरुद्ध त्याला भांडावे लागते. दुसऱ्या वेळी शेजारच्या केंद्राचा आधार घ्यायचा की प्रत्यक्ष पाहणी करायची, हे ठरवणे निदान शक्य तरी होते. काजू आणि आंब्यासाठीच्या हवामान आधारित फळपीक विम्यातही भरपाई हवामान केंद्राच्या आकड्यांवरच ठरते, त्यामुळे तिथेही हाच भेद लागू पडतो.

कामे वाढली की ती एकमेकांच्या पायात येतात. दहा मिनिटांनी चालणारे काम एखाद्या दिवशी बारा मिनिटे लांबले, तर पहिले संपण्याआधीच दुसरे सुरू होते. मग दोघे तेच कागद हाताळू लागतात, दोघेही मंदावतात, तिसरे येऊन थडकते आणि थोड्या वेळात सर्व्हर गुदमरतो. यासाठी काम सुरू होताना एक कुलूप लावते. कुलूप दिसले की नंतर आलेले काम मुकाट्याने परत जाते. कुलपाला मुदत मात्र हवी, नाहीतर ते लावणारे काम मध्येच मेले तर दार कायमचे बंद राहील. आणखी एक साधी गोष्ट अनेक जण विसरतात. सगळी कामे बरोबर बारा वाजता किंवा पूर्ण तासाला लावण्याची सवय सगळ्यांनाच असते, त्यामुळे त्या मिनिटाला डेटाबेसवर, नेटवर्कवर आणि समोरच्या संस्थेच्या सर्व्हरवर एकदम लोट येतो. कामे बारा वाजून सात मिनिटांनी, एकोणीस मिनिटांनी अशी विखरून लावली, तर फुकटात निम्मा त्रास वाचतो.

पावसाच्या आकड्यावरून पंचनामा झाला, यादी तयार झाली, की साखळीचा पुढचा टप्पा पैशाचा. यादीतल्या शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो. गरज असेल तिथे शेतकरी ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात जाऊन आधार प्रमाणीकरण करतो, आणि मदत त्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होते. अधिकाऱ्याने पडद्यावर मंजुरीची कळ दाबली म्हणजे पैसे त्याच क्षणी खात्यात पोचले असे नाही. देशातली पैशांची बरीच देवघेव आजही गठ्ठ्यांनी चालते. रिझर्व्ह बँकेची एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस सुरू आहे, पण दर अर्ध्या तासाला एक, असे दिवसाचे ४८ गठ्ठे करून. अनुदाने एकाच वेळी असंख्य खात्यांत टाकणारी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाची एनएसीएच ही व्यवस्था १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही चालू असते. दोन्हींच्या मुळाशी तीच जुनी कल्पना आहे: मागण्या गोळा करा, ठरल्या वेळी एकत्र निपटा, निकालाची यादी परत पाठवा.

इथे पुन्हा चालण्याचा धोका पावसाच्या बेरजेपेक्षा कितीतरी मोठा आहे. गठ्ठा बँकेकडे गेला, पण पोच येण्याआधी संपर्क तुटला. गेला की नाही? पुन्हा पाठवला तर काहींना दुप्पट पैसे मिळतील आणि पुढे वसुलीची नोटीस येईल. न पाठवावा तर काही जण उपाशी राहतील. म्हणून प्रत्येक रकमेला एक अद्वितीय क्रमांक दिलेला असतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर घेणाऱ्या बाजूने तो नाकारायचा आणि ‘हे आधीच झाले आहे’ असे कळवायचे. त्या भरवशावर पाठवणाऱ्याला निर्धास्तपणे पुन्हा प्रयत्न करता येतो.

पुन्हा प्रयत्न करण्यालाही पद्धत आहे. समोरचा सर्व्हर बंद असेल तर लगेच हजार वेळा दार ठोठावून उपयोग नाही. एका मिनिटाने, मग दोनाने, चाराने, आठाने असे अंतर वाढवत जायचे, आणि सगळ्यांनी एकाच ठोक्याला येऊ नये म्हणून त्यात थोडी यादृच्छिक वाढ-घट करायची. पण सगळीच अपयशे वाट पाहून सुटणारी नसतात. खाते बंद झाले आहे, आधार दुसऱ्याच बँकेशी जोडलेला आहे, ही कारणे उद्याही तशीच राहणार. अशी कामे मुख्य रांगेतून काढून वेगळ्या यादीत ठेवावी लागतात आणि ती यादी रोज माणसाने वाचावी लागते. वीटभट्टीसाठी हंगामभर बाहेर गेलेल्या कातकरी कुटुंबाचे खाते बराच काळ व्यवहार न झाल्यामुळे निष्क्रिय झाले असेल, तर त्याचा उलगडा कोणताही प्रोग्रॅम करू शकत नाही. तिथे तलाठी, बँकेचा प्रतिनिधी किंवा सेवा केंद्र चालवणारा माणूसच लागतो. या यादीकडे कोणी पाहत नसेल, तर संगणकीकरणाने त्या कुटुंबाचे काम सोपे केलेले नाही, फक्त नजरेआड केले आहे.

पार्श्वभूमीवरच्या कामांचा सर्वांत वाईट गुण म्हणजे ती गुपचूप मरतात. पान उघडले नाही तर लोक तक्रार करतात. साडेआठचे काम चालले नाही तर पान व्यवस्थित उघडते आणि कालचा आकडा दाखवत राहते. म्हणून चूक झाल्यावर निरोप पाठवणे पुरेसे नाही, कारण सुरूच न झालेले काम चूक तरी कशी कळवणार? उलट मांडणी करावी लागते. प्रत्येक काम यशस्वीपणे संपले की ‘झाले’ अशी खूण दुसऱ्या एका सर्व्हरकडे पाठवते. तो सर्व्हर फक्त खुणांची वाट पाहतो. सव्वानऊपर्यंत खूण आली नाही, की तो संबंधित माणसाच्या फोनवर संदेश पाठवतो. हा पहारेकरी त्याच सर्व्हरवर ठेवून भागत नाही. सर्व्हरच पडला तर दोघेही एकत्र गप्प होतील.

पानावर ‘शेवटची नोंद अमुक वाजता मिळाली’ ही ओळ ठळक असावी. ती छापायला काही खर्च येत नाही. जुना आकडा जुना आहे हे वाचणाऱ्याला कळते, आणि बिघाड शोधायला गावागावांतून शेकडो डोळे मिळतात.

प्रत्येक फेरीची वही ठेवणे हे शेवटचे अंग. काम कधी सुरू झाले, कधी संपले, किती केंद्रांच्या नोंदी मिळाल्या, कोणत्या मिळाल्या नाहीत, आकडा आधी किती होता आणि कोणत्या फेरीत बदलून किती झाला, हे सगळे लिहून ठेवावे आणि आकडा दुरुस्त झाला म्हणून जुना पुसू नये. अतिवृष्टीच्या यादीत मंडळ का बसले नाही, असा अर्ज तहसील कार्यालयात येतो तेव्हा तो बहुधा महिन्या-दोन महिन्यांनी येतो. पावणेनऊच्या फेरीत ४१ मिलिमीटर दिसत होते, बाराच्या फेरीत उशिरा आलेल्या नोंदी धरून ६८ झाले, आणि यादी मात्र पहिल्या फेरीनंतरच पुढे पाठवली गेली, असे काही घडले असेल, तर ते या वहीतूनच सिद्ध होते. वही नसेल तर अर्जदाराजवळ फक्त त्या दिवशी पाऊस फार होता ही आठवण उरते आणि अधिकाऱ्याजवळ फक्त छापलेला आकडा. फेऱ्यांची नोंद किमान पुढच्या हंगामापर्यंत, आणि जिथे मदतीचा संबंध आहे तिथे तक्रारीची मुदत संपेपर्यंत जपावी. रोजच्या काही ओळींना डिस्कवर लागणारी जागा नगण्य असते.